सहावा गिअर

माझ्या धाकट्या भावाला वर्कशॉपात सगळे ‘ट्रायल’ म्हणतात. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं, आणि तेव्हाही तो पटकन ओ देत नाही. त्याचं काम एकच. दुरुस्त होऊन आलेली मोटरसायकल घ्यायची, एक चक्कर मारून आणायची आणि ती बरी झाली की नाही ते सांगायचं. बरी असेल तर म्हणायचं, ‘तक्रार नाही.’ नसेल तर बिघडलेल्या जागेवर बोट ठेवायचं आणि मेकॅनिककडे नुसतं बघायचं. बोलण्याच्या बाबतीत तो असा कंजूष. तोंडाचा पट्टा सगळा माझ्या वाटणीला आला, आणि तो मी भरपूर चालवते.

मी त्याच वर्कशॉपच्या काउंटरवर बसते. आलेल्या गिऱ्हाइकाचं रडगाणं ऐकून घ्यायचं, कामाचं कार्ड भरायचं आणि संध्याकाळी गाडी न्यायला आला की गेटपास द्यायचा. तोंडावर मला ‘काउंटरताई’ म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही. माझ्यासमोर मोठी काच आहे. तिच्यातून गेट दिसतं, गेटाबाहेरचा रस्ता दिसतो, आणि दिवसभर माझा भाऊ वेगवेगळ्या गाड्यांवर बसून बाहेर जाताना आणि आत येताना दिसतो.

ट्रायलची चक्कर ठरलेली आहे. गेटातून डावीकडे वळायचं. लगेच गतिरोधक लागतो, तिथे मागचे शॉकअप कळतात. मग शीतगृहाची लांबलचक भिंत आणि तिच्या कडेचा सरळ रस्ता. तिथे गिअर आणि ब्रेक बघायचे. भिंत संपली की चौकात पाण्याची उंच टाकी आहे, तिला वळसा घालून परत यायचं. टाकीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा मालकांचा नियम. त्याला कारणही तसंच घडलं होतं. भावाच्या आधी जो माणूस ट्रायलला होता, तो एका गिऱ्हाइकाची गाडी चक्कर मारायला म्हणून घेऊन गेला आणि थेट सासुरवाडीला जाऊन, जेवून, डुलकी काढून आला. तोवर ते गिऱ्हाईक इथे माझ्या डोक्यावर मिरे वाटत बसलेलं. त्या दिवसापासून टाकी म्हणजे टाकी.

माझ्या भावाने हा नियम कधी मोडला नाही. मोडायचं त्याच्या मनातही आलं नसेल. नोकरीला लागला तेव्हा त्याच्या मिश्या कोवळ्या होत्या, आता त्या पांढऱ्या झाल्यात. तेवढ्या काळात दुनियेतली जवळजवळ प्रत्येक प्रकारची मोटरसायकल त्याच्या हाताखालून गेली, आणि प्रत्येक मोटरसायकलवरून तो टाकीपर्यंतच गेला.

आणि इतक्या गाड्या चालवणारा हा गृहस्थ संध्याकाळी घरी जातो तो माझ्या स्कूटरवर, माझ्या मागे बसून. स्वतःची गाडी त्याने घेतलीच नाही. म्हणतो, दिवसभर फुकट मिळतात तर विकत कशाला घ्यायची. मी म्हटलं, मग निदान ही तरी तू चालव, मी मागे बसते. तर म्हणतो, नको, दिवसभर मीच चालवतो, संध्याकाळी कुणी मला नेलेलं बरं वाटतं. मागे बसून तो गप्पच असतो. फक्त स्कूटरच्या इंजिनात काही बारीकसारीक झालं की माझ्या पाठीला त्याचा श्वास जरा थांबल्याचं कळतं.

आम्ही दोघं इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. वडिलांपासूनच्याच खोल्या. लग्न त्याचं झालं नाही आणि माझंही नाही. का, ते विचारणाऱ्यांना मी रांगेत मागे पाठवते. लहानपणी आमच्याकडे एक लाकडी स्टूल होतं. ते आडवं पाडून हा त्याच्यावर बसायचा, तोंडाने फटफटीचा आवाज काढायचा, आणि मी मोठी असून मागे बसायचे, कारण पुढे बसायची वेळ तो कुणालाच द्यायचा नाही. आई जेवायला हाका मारून थकली की वडील म्हणायचे, आधी गाडी बंद कर आणि मग ये. मग हा खरंच हाताने किल्ली फिरवायचा, आवाज थांबवायचा, आणि पानावर येऊन बसायचा.

एकदा त्याला मोठी संधी आली होती. मोटरसायकली बनवणाऱ्या एका कारखान्याला नव्या गाड्या लांब लांब रस्त्यांवर पळवून बघणारी माणसं हवी होती. हा गेला, चालवून दाखवली, आणि निवडला गेला. आमच्या घरात इतका आनंद मी पुन्हा पाहिला नाही. पण त्याच सुमारास वडिलांची उजवी बाजू गेली. मी त्याला म्हटलं, तू जा, मी आहे ना इथे. तो म्हणाला, तू एकटी त्यांना उचलणार कशी? त्याचं खरंच होतं. वडील अंगाने दणकट होते, आणि पडून राहिले तेही पुष्कळ वर्षं. ते गेले तोवर कारखान्याला तरणी माणसं मिळाली होती. भावाने त्या गोष्टीचं नाव पुन्हा काढलं नाही. मी काढलं की उठून पाणी प्यायला जायचा, म्हणून मीही कानाला खडा लावला.

मग आमच्याकडे ‘काळी’ आली.

आली तीही धड चालत नाही, टेम्पोत आडवी. चार रस्ते पलीकडे एक दातांचे डॉक्टर आहेत, माणूस मोठा हसतमुख, त्यांनी हौसेने ती घेतली आणि पहिल्याच आठवड्यात घराखालच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पाडली. चालवताना नव्हे, नुसती बाहेर काढताना. एक आरसा फुटला आणि डॉक्टरांची हिंमतही. आमच्या मेकॅनिकांनी दोऱ्या लावून, हुश्श हुश्श करत तिला खाली उतरवलं, आणि उतरवल्यावर सगळे जरा वेळ नुसते बघत उभे राहिले.

मला गाड्यांचं कौतुक नाही. पण तिच्याकडे मीही काउंटर सोडून बघायला गेले. एवढी मोठी मोटरसायकल, आणि चमकणारं म्हणून काही नाही. इंजिन काळं, सायलेन्सर काळे, पुढचे पाइप काळे, आरशांच्या दांड्या काळ्या. पेट्रोलची टाकी तेवढी तुळतुळीत, बाकी सगळं तव्यासारखं मुकं काळं. दोन जाडजूड सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’सारखे फाकलेले. मागचं चाक इतकं रुंद, की त्याच्यावर मांडी घालून बसावं. बसायची जागा मात्र खाली, अगदी खाली, माझ्या गुडघ्याएवढी, आणि पाय ठेवायचे ते पुढे, आरामखुर्चीत पसरतो तसे. आणि सीट एकच. मागे बसायला जागाच नाही, नुसता कापलेला मडगार्ड. मी नाक मुरडलं. म्हटलं, एवढं धूड आणि माणूस एकच नेणार?

दुरुस्ती झाली आणि ट्रायलला निघाली. भावाने किल्ली फिरवली, बटण दाबलं. बाकीच्या गाड्या चालू होतात तेव्हा नुसता आवाज होतो. ही चालू झाली तेव्हा माझ्या काउंटरवरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. ठोके सुटे सुटे, जड, सावकाश. तो गेटातून बाहेर पडला, भिंतीच्या बाजूला गेला, आणि नेहमीच्या वेळेला परत आला. उतरला. हेल्मेट काढलं. हेड मेकॅनिक वाट बघत होता. माझ्या भावाच्या तोंडून ‘तक्रार नाही’ निघेना. तो तिच्या इंजिनावर हात धरून उभा होता, चटका बसेल इतक्या जवळ. शेवटी मेकॅनिकने विचारलं, अरे बरी आहे ना? तेव्हा त्याने नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी स्कूटरवर तो बोलला. इस्त्रीच्या दुकानापर्यंत बोलला, जिना चढताना बोलला, कुलूप काढताना बोलला. म्हणे, ती खालूनच ओढते. बाकीच्या गाड्यांना जोर यायला आधी ओरडावं लागतं, हिला मूठ जराशी पिळली की मागून कुणीतरी तळहात टेकून ढकलल्यासारखं होतं. एवढं वजन, पण हलली की जाणवत नाही. बसका बांधा, त्यामुळे रस्त्याला चिकटून जाते. वळायला मात्र आळशी, तिला आधी मनवावं लागतं. मी भाजी चिरत हूं हूं करत होते. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, पण सहावा पडत नाही गं.

मला वाटलं गाडीत काही खोट आहे. खोट गाडीत नव्हती, रस्त्यात होती. तिला सहा गिअर, आणि प्रत्येक गिअर लांब. भिंतीच्या कडेने चौथा होतो, फार तर पाचवा टाकेपर्यंत टाकी समोर येते. सहावा हा हमरस्त्याचा गिअर. मी म्हटलं, पाय वर मार की, पडेल. तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही भलतंच बोलले. म्हणाला, पडेल, पण तो खोटा. कमी वेगात टाकला की इंजिन खोकतं. खरा सहावा लांब रस्त्यावर, वेगात. तेव्हा म्हणे इंजिन ओरडायचं थांबतं. वेग कमी होत नाही, पण आवाज खाली उतरतो, आणि गाडी जणू आपली आपण जाते. हे त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि डॉक्टरांना विकणाऱ्यांनी. डॉक्टरांनी स्वतः कधी तिसऱ्याच्या वर टाकला नव्हता. म्हणजे त्या गाडीचा सहावा गिअर जन्मल्यापासून कुणी वापरलाच नव्हता.

त्यानंतर काळी मधूनमधून येत राहिली. कधी नुसती उभी राहून बॅटरी उतरली म्हणून, कधी तेल बदलायला. डॉक्टर लाजत किल्ली माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, ताई, या वेळीही फार चालली नाही. तिच्या अंगावर जे काही अंतर पडलं होतं, त्यातलं बरंचसं माझ्या भावाचं, टाकीपर्यंत जाऊन येऊन साठलेलं. ती यायची त्या दिवशी हा दाढी करून, चांगला शर्ट घालून यायचा. मेकॅनिक ओरडायचे, ट्रायल, माहेरवाशीण आली रे तुझी. तो हसायचा. टाकीला वळसा घालायच्या आधी तो तिथे किंचित थांबतो, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. नुसता एक पाय टेकून, पलीकडच्या रस्त्याकडे बघत थांबतो, आणि मग वळतो. ते ऐकून मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, त्या टाकीला सुरुंग लावावा.

मी त्याला सुचवलं, मालकांना विचार, एकदाच. तो म्हणाला, नियम सगळ्यांना. मी म्हटलं, मी विचारते. तर म्हणाला, तू विचारलंस तर मी काम सोडीन. त्यामुळे मी मूग गिळून बसले. मला मूग गिळायला लावणारा जगात तो एकटाच आहे.

यंदा डॉक्टर आले ते किल्ली न ठेवताच खुर्चीत बसले. म्हणाले, ताई, विकली. हौस फिटली नाही, पण धीरही झाला नाही. घेणारा लांबच्या गावचा, शाळेत गणित शिकवणारा मास्तर. अमुक दिवशी दुपारच्या बसने येणार आणि संध्याकाळी चालवत घेऊन जाणार. त्याआधी तुम्ही एकदा सगळं तपासून द्या.

भाऊ आत होता. मालकांना विचारायचं नाही एवढंच माझं वचन होतं, डॉक्टरांचं नाव त्यात नव्हतं. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. टाकी, नियम, भिंत, न वापरलेला सहावा, थांबून बघणं, सगळं. डॉक्टर आधी हसले, मग त्यांचं हसू गेलं. म्हणाले, त्या दिवशी ती ट्रायलला नको, तशीच त्याला द्या. सकाळपासून मास्तर येईपर्यंत त्याची. गाडी माझी आहे, मी देतोय, तुमच्या नियमाचा संबंध काय. मालकांकडेही तेच गेले. मालकांची दाढ त्या आठवड्यात डॉक्टरांच्या हातात होती, त्यामुळे घोडं कुठे अडलं नाही.

भावाला हे कळलं तेव्हा तो मला ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. त्याने विचारलं, “खरंच लांब जाऊ?” मी म्हटलं, “जा. हमरस्त्याला लाग आणि कंटाळा येईपर्यंत परत फिरू नकोस.” मग तो त्याची जुनी चामडी बुटांची जोडी काढून बसला, जी त्याने त्या कारखान्यासाठी घेतली होती. त्यांना पॉलिश लागेना इतकं चामडं कोरडं झालं होतं. तो फडक्याने घासत राहिला आणि मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तो दिवस उजाडला. मी डबा करून दिला, दुपारचं कुठेतरी झाडाखाली बसून खा म्हटलं. डबा सीटच्या मागे त्या कापलेल्या मडगार्डवर बांधला. सगळं वर्कशॉप हात पुसत बाहेर आलं. हेड मेकॅनिकने आरसे फडक्याने पुसले. कुणीतरी म्हणालं, ट्रायल, सासुरवाडीला जाऊ नको रे. सगळे हसले, तोही हसला. मग त्याने बटण दाबलं, माझ्या पेल्यातलं पाणी थरथरलं, आणि तो गेटातून डावीकडे वळला. मी काचेतून बघत होते. गतिरोधकावरून ती दबकत गेली, भिंतीच्या कडेने आवाज वाढत गेला, पहिला, दुसरा, तिसरा, आणि मग ऐकू येईनासा झाला. मी एका गिऱ्हाइकाच्या कार्डावर त्याच्या गाडीच्या नंबराच्या जागी भावाचं वय लिहिलं.

त्या गिऱ्हाइकाचं कार्ड खोडून नीट लिहीत होते, तेवढ्यात माझ्या पेल्यातलं पाणी पुन्हा थरथरलं.

वर बघितलं तर काळी गेटातून आत येत होती. मला वाटलं काहीतरी विसरला. किंवा गाडी बिघडली. तो नेहमीसारखा आत आला, नेहमीच्या जागी, धुण्याच्या हौदाजवळ, स्टँडला लावली, किल्ली काढली, हेल्मेट काढलं आणि हेड मेकॅनिकला म्हणाला, “तक्रार नाही.”

म्हणाला आणि मग त्याला कळलं.

मी काउंटर सोडून धावले. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. डबा मागे तसाच बांधलेला. मी हात लावून बघितला, अजून चांगला गरम होता.

मी म्हटलं, फिर मागे, आत्ताच्या आत्ता. अख्खा दिवस पडलाय. त्याने हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलंही. आणि तेवढ्यात गेटातून एक सडपातळ माणूस पाठीला पिशवी लावून आत आला. दुपारच्या बसपर्यंत धीर धरवेना म्हणून पहाटेचीच बस धरून आलेला तो मास्तर. त्याने काळीला पाहिलं आणि पिशवी जमिनीवर टाकली. तिच्याभोवती फिरला. पेट्रोलच्या टाकीवर बोट लावावं की लावू नये, अशा बेताने लावलं. मग जमिनीवर बसून दोन्ही सिलिंडर बघत राहिला, आणि आम्ही इतकी माणसं उभी आहोत याचं त्याला भानच नाही. मी धीर करून त्याला सांगायला लागले की आमचा हा माणूस जरा एक लांब चक्कर मारून येणार आहे, तर तो बिचारा लगेच उठून म्हणाला, हो हो, काका, जा ना, मी थांबतो. पण बोलताना त्याचा हात गाडीवरून निघाला नाही.

भावाने हेल्मेट काढलं, किल्ली त्याच्या हातात दिली, आणि स्पेअर पार्टच्या खोलीत निघून गेला.

मी मागोमाग गेले. मला भयंकर राग आला होता. त्याच्यावर, टाकीवर, मास्तरवर, पहाटेच्या बसवर, सगळ्यांवर. तो फिल्टरच्या खोक्यांवर बसला होता. मी म्हटलं, “का फिरलास?”

तो म्हणाला, “टाकी दिसली, ताई, आणि हात वळले. मी वळवले नाहीत. भिंतीपाशी मनात म्हणत होतो की आता पुढे जायचंय, पुढे जायचंय. आणि वळल्यावर गतिरोधक लागला तेव्हा कळलं की मी परत येतोय. तरी थांबलो नाही. आत येऊन किल्ली काढली.”

“आणि आता का नाही गेलास? तो हो म्हणाला होता.”

“तू त्याचं तोंड बघितलंस ना?” एवढं बोलून त्याने बुटांकडे बघितलं, आणि मग माझा हा भाऊ, वडील गेले तेव्हाही जो माझ्यासमोर रडला नव्हता, तो रडला. “मला फार हवं होतं गं,” म्हणाला.

मी त्याच्या शेजारी खोक्यावर बसले. पाठीवरून हात फिरवला.

मग दिवसभर तो कामात राहिला. टाकीपर्यंत गेला, आला, गेला, आला. काळीचे कागद व्हायला वेळ लागला, डॉक्टर आले, मास्तरला हेल्मेट हवं होतं ते आलं. मग मास्तर म्हणाला, पश्चिमेकडे जायचंय, लांबचा पल्ला आहे, ऊन कडक आहे, जरा उतरू दे, मग निघतो. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं. पश्चिमेकडे म्हणजे टाकीवरून सरळ हमरस्ता. मी गेटपास लिहून हेड मेकॅनिकच्या खिशात कोंबला आणि त्याला म्हटलं, मी गेल्यावर चहा मागव, तो पिऊन झाल्यावर हा दे. मास्तरला सांगितलं की गेटपासवर एक शिक्का राहिलाय, शिक्केवाले साहेब येतायत. आमच्याकडे शिक्केवाले साहेब कुणी नाहीत. पण माझ्या तोंडावरची रेषही हलली नाही.

भावाला म्हटलं, चल, घरी जाऊ. तो मागे बसला. गेटातून घराकडे जायला उजवीकडे वळतात. मी डावीकडे वळले. मागून म्हणाला, ताई, घर तिकडे. मी ऐकलं नाही. गतिरोधक गेला, भिंत संपली, टाकी आली, आणि मी तिला वळसा न घालता सरळ गेले. त्याचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

माझी स्कूटर काही पळत नाही. रडतखडत चढ चढून हमरस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, मधून सरळ काळा रस्ता पार टोकापर्यंत. मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि डबल स्टँडला लावली. बसायला तिथे काही नव्हतं, म्हणून आम्ही पुन्हा स्कूटरवरच बसलो, मी पुढे आणि तो मागे, कुठेतरी निघाल्यासारखे. काळी इथूनच जाणार, हे त्याला न सांगता कळलं होतं.

ऊन पिवळं झालं तसा चढाच्या खालून तो आवाज आला. सुटे सुटे, जड ठोके. मास्तर चढून वर आला, आमच्यासमोरून गेला. त्याने आम्हाला पाहिलं नाही, त्याचं लक्ष फक्त पुढे होतं. त्या उतरत्या उन्हात ती आणखी काळी दिसली, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की गाडी खरंच देखणी आहे.

माझ्या पायाच्या मागे भावाचा डावा पाय फूटरेस्टवर होता. तो वर उचलला गेला, आणि पुढे गाडीने चौथा घेतला. पुन्हा उचलला, पाचवा. मग आवाज वाढत लांब जात राहिला. मास्तर घाबरत होता बहुतेक, तसाच पाचव्यात पळवत राहिला. भाऊ माझ्या पाठीशी पुटपुटत होता, दे आता, दे, इंजिन मागतंय, दे. गाडी ठिपक्याएवढी झाली. मग त्याचा पाय पुन्हा उचलला गेला, हळूच, आणि जरा वेळाने लांबून तो आवाज खाली उतरला. ओरडणं थांबलं. ठिपका तसाच जात राहिला.

“पडला,” भाऊ म्हणाला.

मी वळून बघितलं नाही. त्याचा पाय वरच होता, खाली टेकला नव्हता. ठिपका रस्त्याच्या टोकाला गेला आणि दिसेनासा झाला. एक बस गेली, मग पुन्हा सगळं शांत झालं. मी किल्लीकडे हात नेला तसं त्याने माझा दंड धरला.

“थांब, ताई. अजून ऐकू येतंय.”

मला केव्हाच ऐकू येईनासं झालं होतं. पण त्याला येत होतं, म्हणून मी स्कूटर चालू केली नाही.